मायक्रॉन किती?

अचलपुरात आमच्या गल्लीत कोणी घर बांधायला काढलं की गवंड्याच्या मागोमाग काकाजी हजर. लाईनमन म्हणून निवृत्त झाले, पण खिशातलं मल्टिमीटर काही निवृत्त झालं नाही. खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनला दोन्ही सुया टेकवायच्या. मीटर टुंई वाजलं की मान हलवायची, "नागडी हाये बावा." नाही वाजलं, तर वरच्या थराच्या जाडीचा प्रश्न ठरलेला : "मायक्रॉन किती?"

स्वतःच्या घराला मात्र वडिलांनी परतवाड्याहून आणलेल्या सागवानी खिडक्या. त्या विषयावर काकाजी बोलत नाहीत.

शिकवणी स्वयंपाकघरातून सुरू होते. काकूंचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज उचलतात. (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात, हे काकाजींच्या पथ्यावरच पडलंय.) "लोखंडाले गंज चढला का लोखंड मेलं. या गंजाले गंज चढला का हा वाचला! हवा लागली का याच्या आंगावर कातडी येते. पन पातळ, सुईनं फाटते. म्हून कारखान्यात मुद्दाम गंजवतात, ॲनोडायझिंग म्हनतात त्याले. गंधकाच्या तेजाबात बुडवा, पॉझिटिव्हले सेक्शन बांधा, १५-१८ व्होल्ट डीसी सोडा. थर वरून बसत नाही, धातूतूनच उगवते. मंग पापुद्रा सुटनच कसा?" समुद्रावर उतरणाऱ्या इंग्रजी विमानांचे भाग १९२३ साली मुद्दाम गंजवूनच खाऱ्या पाण्यापासून वाचवले, हे सांगेपर्यंत चहा निवतो. छिद्रं अजून बाकीच असतात. थर म्हणजे मधमाशीचं पोळं. त्यात रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्यात तोंडं बुजवायची. "मानिक, नीलम तरी काय हाये? हेच ऑक्साईड!"

"मंग अंगठीत बसवून द्या ना मले गंज," आतून काकू.

माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सगळे पोह्यांवर, काकाजी खिडकीवर. मीटर वाजलं नाही. पोह्यांची ताटली हातात घेऊन उभ्या मुलीलाच विचारलं, "मायक्रॉन किती?"

"पंधरा, काकाजी. बाबांनी बिलावर लिहूनच घेतलं."

लग्न तिथंच ठरलं. माझ्याकडे कोणी नीट पाहिलंसुद्धा नाही.

गेल्या दिवाळीला त्यांनी हौसेनं हार्ड ॲनोडाइज्ड तवा आणला. काकूंनी तो रात्रभर धुण्याच्या सोड्यात भिजवला. सकाळी काळा तवा पांढुरका, चट्ट्याचट्ट्यांचा. दोन दिवस काकाजी कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तवा घेऊन ओट्यावर बसले, सुया टेकवल्या. टुंई.

"म्हनलं होतं ना, सोड्यानं कातडी जाते म्हून!" चेहरा असा खुलला की काकूंनी दुसऱ्यांदा चहा ठेवला.