ट्वेनच्या घरची पाहुणी

"कमलवहिनी, आहात का बाहेर? तुम्हाला एक सांगायचं राहूनच गेलंय. त्या मार्क ट्वेनचं."

"कोण? कुंपण रंगवायचं स्वतःचं काम गावातल्या पोरांच्या गळ्यात घालतो तो?"

"तो टॉम सॉयर. त्याला जन्माला घातलं तो हा. खरं नाव सॅम्युअल क्लेमेन्स. त्याची आणि हेलन केलरची गट्टी होती, माहितेय?"

वहिनींनी मेथीची जुडी कठड्यावर ठेवली. "हेलन केलर म्हणजे ती आंधळी-बहिरी मुलगी ना? धडा होता बाई आम्हाला. बाई तिचा हात पंपाखाली धरतात आणि तिला पाणी म्हणजे काय ते कळतं."

"तीच. आपल्या धड्यात ती बिचारी जन्मभर पंपापाशीच उभी. पुढे ती पदवीधर झाली, पुस्तकं लिहिली, भाषणं ठोकली, ८७ वर्षं जगली, हे कुणी सांगत नाही. वाद तर काय घातलेत तिनं!"

"आणि एवढ्या मोठ्या लेखकाला तिची दया आली, असंच ना?"

"तिथंच तर सगळे चुकतात. ऐका. ती होती 14 वर्षांची आणि तो साठीला टेकलेला. न्यूयॉर्कात लॉरेन्स हटन म्हणून संपादक होते, त्यांच्याकडे बैठक जमली होती. लोक एकेक करून पुढे येत होते, तुमच्या धड्यातल्या त्या बाई, ॲन सलिव्हन, हेलनच्या तळहातावर बोटांनी नावं सांगत होत्या. ट्वेननं तिला एक लांबलचक गोष्ट सांगितली. ही त्याच्या ओठांवर बोटं ठेवून ऐकतेय, आणि हसू यायला हवं तिथं बरोब्बर हसतेय! विनोदी लेखकाला आणखी काय हवं हो? समोर बसलेल्या डोळसांना सुद्धा कधी कधी हसायचं कुठं ते कळत नाही."

"आमच्या ह्यांना नाहीच कळत."

"निघताना तो तिच्या मागून गेला आणि जाता जाता डोक्यावर नुसती थाप मारली. ही लगेच म्हणाली, 'हे तर मिस्टर क्लेमेन्स!' त्याला त्याचं नवल आयुष्यभर पुरलं. केसांतून माझ्या हाताच्या सुरकुत्या लागल्या की काय, असं विचारत बसला."

"सुरकुत्या कसल्या? तो विडी ओढायचा का?"

"सिगार. उठल्यापासून झोपेपर्यंत."

"मग वासावरून ओळखलं. त्यात काय एवढं!"

वहिनींपुढे मी हात जोडले. कारण हेलननं पुढे 1908 सालच्या पुस्तकात, माणसं आपल्याला वासावरून कळतात, असं लिहूनच ठेवलंय. त्या क्षणी तिनं कशावरून ओळखलं ते तीच जाणे, पण मी वहिनींच्या बाजूनं मत दिलं.

"बरं, पैशाचं काय?" वहिनी म्हणाल्या. वहिनींचा मुद्दा नेहमी इथं येतो, आणि येतो ते बरंच असतं. "एवढं शिक्षण फुकट थोडंच झालं असेल?"

"तीच तर खरी मजा आहे. ट्वेन स्वतः कर्जात बुडालेला होता. टाईप जुळवायच्या एका यंत्रात पैसा ओतला, ते यंत्र काही चाललं नाही. 1894 मध्ये प्रकाशनाची कंपनी बुडाली. तेव्हा त्याला सावरलं हेन्री रॉजर्सनं. स्टँडर्ड ऑइलमधला बडा माणूस. धंद्यात इतका कडक की लोक त्याला नरकातला शिकारी कुत्रा म्हणायचे."

"अगं बाई!"

"त्यानं ट्वेनचे हिशेब हातात घेतले. आणि ट्वेन कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत निघाला. 1896 च्या जानेवारीत आपल्या मुंबईलाच आला होता की. वॉटसन हॉटेलात उतरला. तिथल्या कावळ्यांवर त्यानं जे लिहिलंय ते वाचा एकदा. आगाऊपणात कावळ्यांना कुणी हरवू शकत नाही, हे त्याला बाल्कनीत बसल्या बसल्या कळलं."

"आणि ती? ती नाही आली कधी?"

"आली ना. 1955 मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर. नेहरूंना भेटली, त्यांच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून त्यांना पाहिलं. पण ते खूप पुढचं. 1896 मध्येच राहू या, कारण ते वर्ष वाईट गेलं त्याला. दौरा संपवून इंग्लंडात पोचला, आणि ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत त्याची थोरली मुलगी सूझी गेली. 24 वर्षांची. मेंदूज्वर. शेवटच्या दिवसांत तिला दिसेनासं झालं होतं. बाप समुद्राच्या ह्या बाजूला."

वहिनींनी जुडीची दोरी सोडली, पुन्हा बांधली.

"आणि त्याच नोव्हेंबरात लंडनहून त्यानं पत्र धाडलं. हेलनच्या शिक्षणासाठी पैसे उभे करा म्हणून. वहिनी, डोक्यावर कर्ज, घरात सुतक, आणि हा माणूस दुसऱ्याच्या मुलीच्या फीसाठी शब्द टाकतोय. आता पत्र कुणाला, सांगा?"

"त्या तेलवाल्याला."

"चूक! तेलवाल्याच्या बायकोला. वर तिला सांगितलंय काय, की कामात गढलेल्या पुरुषाकडून नको असलेलं काम करून घ्यायचं तर त्याच्या बायकोच्या आडून जावं. तिनं नवऱ्याला घेरावं, आणि नवऱ्यानं रॉकफेलर बंधूंना आणि कंपनीतल्या इतर बड्या धेंडांना."

"हुशार आहे मेला!" वहिनी खुदकन हसल्या. "मी भिशीचे पैसे असेच काढते."

"रॉजर्सनं पैसे दिले. हेलन 1900 मध्ये रॅडक्लिफला गेली. हार्वर्डला मुलींना घेत नसत, त्यांच्यासाठीचं हे जोड-कॉलेज. 1904 मध्ये बी. ए. झाली, तेही मानाच्या श्रेणीत. न दिसणाऱ्या आणि न ऐकू येणाऱ्या माणसानं पदवी घेतल्याची ती पहिलीच वेळ. पण सलिव्हनबाईंचे हाल विचारू नका. एकेक व्याख्यान हातावर लिहून सांगायचं, पुस्तकं वाचून सांगायची. त्यांचे स्वतःचेच डोळे लहानपणापासून अधू. ट्वेन त्यांना फार मानायचा. चमत्कार घडवणारी बाई, असं त्यानं त्यांच्याबद्दल लिहून दिलं. पुढे त्यांच्यावर जे गाजलेलं नाटक आलं त्याचं नावही तेच."

"पण मला एक कळत नाही. तेलवाल्याच्या पैशावर शिकलेली ही मुलगी समाजवादी झाली ना पुढे? आमचे भाऊजी सांगायचे."

"झाली, आणि कडक झाली. अँड्र्यू कार्नेगी म्हणून पोलादवाला कोट्यधीश होता. तो तिला वर्षासन देऊ करत होता, तर आधी नको म्हणाली. समाजवादी राहिलीस तर मांडीवर आडवी घेऊन चोप देईन, असं तिला गमतीनं म्हणाला होता तो. शेवटी 1913 मध्ये तिनं ते वर्षासन घेतलं. कारण व्याख्यानाच्या दौऱ्यात परगावी सलिव्हनबाई आजारी पडल्या, आणि ही शेजारच्या खोलीतून कुणाला बोलावूही शकली नाही. रॉजर्सला मात्र ती कधी विसरली नाही. 1908 चं पुस्तक त्यालाच अर्पण आहे. आता ह्याला कुणी ढोंग म्हणेल. मी नाही म्हणणार. ट्वेनचंही तेच. बेल्जियमच्या राजानं काँगोत जे चालवलं होतं त्यावर आग ओकायचा, आणि पत्ते-बिलियर्ड खेळायला रॉजर्सच."

"माणसं अशीच असतात हो. तुम्ही चोरीचं काय म्हणत होता परवा?"

"हां, ती चोरी! हेलन 11 वर्षांची असताना तिनं एक गोष्ट लिहिली, पर्किन्स अंधशाळेच्या प्रमुखांना वाढदिवसाची भेट म्हणून. ते खूश, छापून टाकली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मार्गारेट कॅनबी नावाच्या बाईंच्या जुन्या गोष्टीशी ही फार जुळते. ती गोष्ट हिला कधीतरी कुणीतरी हातावर वाचून दाखवलेली, आणि हिच्या डोक्यात राहिलेली. तर शाळेनं चौकशी समिती बसवली. सलिव्हनबाईंना खोलीबाहेर काढलं, आणि एवढ्याशा पोरीला मोठमोठी माणसं उलटसुलट प्रश्न विचारतायत. पुढे कितीतरी वर्षं आपण लिहितोय ते आपलंच आहे ना, ह्या भीतीनं ती गारठायची."

"लाजा नाही वाटल्या त्यांना?"

"1903 मध्ये तिचं आत्मचरित्र आलं, त्यात ट्वेननं हे वाचलं आणि असा काही उखडला! त्या सगळ्या समितीला त्यानं पत्रात अक्कलशून्य ठरवलं. म्हणाला, माणसाच्या बोलण्यात उसनं नसतं असं असतंच काय? मी स्वतः ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्या कवीची अर्पणपत्रिका नकळत उचलून माझ्या पुस्तकाला लावली होती, आणि मला पत्ताही नव्हता."

"खरंच आहे. माझं लिंबाचं लोणचं कुणाचं? सासूबाईंचं. त्यांचं त्यांच्या आत्याचं. माझ्यावरही समिती बसवा मग."

"पण वहिनी, दयेचं म्हणत होता ना तुम्ही, तर 1909 चा जानेवारी ऐका. ट्वेन 73 वर्षांचा. बायको जाऊन साडेचार वर्षं झालेली. कनेक्टिकटमध्ये रेडिंगला टेकडीवर नवं घर बांधलं होतं, स्टॉर्मफील्ड. तिथं त्यानं हेलनला, सलिव्हनबाईंना आणि बाईंच्या नवऱ्याला, जॉन मेसीला, राहायला बोलावलं. बर्फ पडलेलं. हा पांढऱ्या सुटात स्वागताला. रात्री हेलनला तिची खोली दाखवायला स्वतः गेला आणि म्हणाला, न्हाणीघरात सिगार आणि व्हिस्की ठेवलीय, लागली तर घे."

"बाई माणसाला?"

"बाई माणसाला! कोण आंधळ्या मुलीला असं विचारतं? सगळे दूध आणि देवाचं पुस्तक देणार. ह्यानं पाहुण्याला जे द्यायचं तेच दिलं. बिलियर्ड शिकवतो म्हणाला. ती म्हणाली, त्याला डोळे लागतात. तर हा म्हणे, आमचे मित्र ज्या तऱ्हेनं खेळतात त्याहून वाईट तू काय खेळणार!"

"फटकळच म्हणायचा."

"घरात चोरी झाली होती आधीच्या सप्टेंबरात. तर पुढच्या चोरासाठी त्यानं चिठ्ठी लावून ठेवली, की घरात आता फक्त मुलामा दिलेली भांडी आहेत, मांजराच्या पिल्लांच्या टोपलीजवळ मिळतील, आवाज करू नका, आणि जाताना दार लावून घ्या."

वहिनी आता पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आमच्या सोसायटीत लावायला पाहिजे ही!"

"एकदा कुणीतरी त्याच्यापुढे हळहळलं, की बिचारीला किती कंटाळा येत असेल, दिवस काय आणि रात्र काय सारखीच. ट्वेननं त्याला झापलं. म्हणाला, काळोख्या रात्री घराला आग लागलेली असताना पलंगाच्या भलत्या बाजूनं उतरा आणि दार शोधा, मग सांगा आंधळेपणा कंटाळवाणा आहे का ते. आणि हेलननं त्याच्याबद्दल पुढे लिहिलंय तेही हेच, की माझ्या मताला काही किंमत नाही असं ह्या माणसानं मला कधी वाटू दिलं नाही. बाकी खूप जणांनी वाटू दिलं होतं."

"वाचून दाखवलं का काही? लेखक ना तो."

"दाखवलं. शेकोटीपाशी बसून, ईव्हच्या डायरीची त्याची गोष्ट. ही त्याच्या ओठांवर बोटं ठेवून. तो बोलायचाच इतका सावकाश की तिला जवळजवळ सगळे शब्द लागायचे. त्या गोष्टीच्या शेवटी आदम ईव्हच्या थडग्यापाशी आहे. बायको गेल्यावर लिहिलेली गोष्ट ती. हेलनला रडू आलं."

"येणारच."

"पण त्याच मुक्कामात काय वाद रंगला म्हणता! शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरनं लिहिलीच नाहीत, बेकन नावाच्या दुसऱ्याच माणसानं लिहिली, असं मेसी आणि हेलन म्हणत होते. ओळींच्या पहिल्या-शेवटच्या अक्षरांत बेकनची सही दडलीय म्हणे, असं दाखवणाऱ्या कुणाच्या पुस्तकाची मुद्रितंच मेसीनं बरोबर आणली होती. ट्वेनला शेक्सपिअरबद्दल जुना संशय, पण ह्या अक्षरांच्या खेळावर आधी विश्वास बसेना. मग मात्र असा पेटला, की एप्रिलमध्ये शेक्सपिअरविरुद्ध त्याचं अख्खं पुस्तक बाजारात."

"म्हणजे पाहुण्यांनी यजमानाला नादी लावलं."

"हो ना. आणि हेलनलाही लिहायचं होतं बेकनवर. लेखाचं बोलली, तर संपादकानं तिला त्या वाटेनं जाऊच दिलं नाही."

"बरं केलं त्यानं," वहिनी म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याच्या संपादकाला का नाही सुचलं तेवढं?"