कमिटीच्या ठरावाने कोंबडी हटत नाही

अलॉटमेंटच्या वार्षिक सभेत हात वर करून कोंबड्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. बहुमत असो की एकमत. फाटकावर ‘जनावरं पाळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी ठोका, नाहीतर भाडेकरारात ठळक अक्षरांत छापा, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५० च्या अलॉटमेंट्स ॲक्टच्या बाराव्या कलमाने हे सगळं कधीच निकालात काढलंय. करारात काहीही लिहिलेलं असो, जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला कोंबड्या आणि ससे पाळता येतील, त्यासाठी वाजवी तेवढं खुराडंही उभारता येईल, असं ते कलम सांगतं. धंदा करायचा नाही, आणि आरोग्याला धोका किंवा शेजाऱ्याला उपद्रव होईल असं पाळायचं नाही, एवढीच अट.

तरीही बंदीच्या पाट्या लागतात. प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं ताटकळून ज्याला तुकडा मिळालेला असतो, तो पाटी वाचतो आणि गप्प बसतो. आल्या आल्या कमिटीशी पंगा कोण घेणार? अशा गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच बेकायदा नियम टिकून राहतात.

अलॉटमेंट म्हणजे बहुतेकदा काउन्सिलच्या मालकीची, वर्षाच्या किरकोळ भाड्यावर मिळणारी भाजीपाल्याची जमीन. पूर्ण तुकडा दहा पोलचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबात अडीच गुंठे. बटाटे, कांदे, घेवडा, बीट हे तिथलं ठरलेलं पीक. लेस्टर-बर्मिंगहॅमकडे मेथी-कोथिंबिरीचे वाफेही दिसतात. एवढ्याशा जागेत कोंबडीला कायद्याने हात धरून का बसवलं, ते समजायला युद्धाच्या दिवसांत जावं लागतं. माणशी आठवड्याला एक अंडं, तेही मिळेल तेव्हा. बाकी अमेरिकेहून आलेली अंड्याची भुकटी. कोंबड्या पाळणारं कुटुंब आपल्या वाट्याचं अंड्यांचं रेशन सोडून द्यायचं आणि बदल्यात कोंबड्यांचं खाद्य घ्यायचं. युद्ध १९४५ ला संपलं, अंड्यांचं रेशनिंग मात्र १९५३ पर्यंत चाललं. मधल्या त्या टंचाईत हा कायदा झाला. करारातल्या एका ओळीने कुणी माणसाच्या ताटातलं अंडं काढून घेऊ नये, हा त्यातला सरळ विचार.

आता टंचाई कुठे राहिलीय, सुपरमार्केटात हवी तेवढी अंडी मिळतात, असं म्हणणारे आहेत. मिळतात, कबूल. पण सरसकट बंदी मागणाऱ्याने आधी संसदेत जाऊन कलम बदलून आणावं, मग पाटी लावावी. शिवाय चार कोंबड्या पाळणाऱ्याला अंडं काय किमतीला पडतं ते कळतं. कोंबडी हिवाळ्यात अंडी देणं कमी करते, पिसं झडायच्या दिवसांत थांबवते, दोन-तीन वर्षांनी तिचा ओघ आटतो आणि त्यानंतरही ती बरीच वर्षं जगू शकते. बाराच्या खोक्यावर यातलं काही छापलेलं नसतं. शहरातल्या माणसाला हे कळण्याची जी थोडी ठिकाणं उरली आहेत, त्यांतलं हे एक आहे. ते मोडू नये.

कमिटीचे सगळेच लोक आडमुठे असतात असं नाही. त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे आणि त्याचं नाव उंदीर. एक कोंबडी दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास दाणा खाते. सहा कोंबड्यांचं खाद्य उघड्या ताटलीत रात्रभर पडून राहिलं, की खुराड्याच्या फळ्यांखाली बिळं होतात, आणि तिथून निघालेला उंदीर आधी शेजारच्या वाफ्यातलं बीट कुरतडतो. शेजाऱ्याने काय पाप केलंय? खुराडं जमिनीपासून हातभर उंच उचला, खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, अंधार पडायच्या आत ताटली उचला. नाही जमत? मग उपद्रव हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. त्या एका माणसाला नोटीस द्या, तारीख द्या, तरी सुधारला नाही तर खुराडं हलवायला लावा. एकाच्या आळसापायी चाळीस जणांचा हक्क काढून घेणं हा कामचुकारपणा आहे. बंदीचा ठराव अर्ध्या तासात होतो, आळशी माणसाच्या मागे महिनाभर लागावं लागतं, म्हणून ठराव होतो.

कोंबड्याबद्दल मात्र मी कमिटीच्या बाजूने. हक्क कोंबडीचा आहे, कोंबड्याचा नाही, आणि ते योग्यच आहे. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. जूनमध्ये तिकडे चारच्या सुमारास फटफटतं आणि हा आरवायला लागतो. कुंपणापलीकडच्या घरात कुणी रात्रपाळी करून आलेलं असतं. खरी चीड येते ती मुलांना गंमत म्हणून अंडी उबवणाऱ्यांची. पिल्लांतली साधारण निम्मी नर निघणार हे ठाऊक असतं. तरी उबवतात, चार महिन्यांनी बांग सुरू झाली की ‘चांगलं घर हवं’ म्हणून दारोदार विचारतात. कोंबडे कुणालाच नको असतात. आधी त्यांची सोय सांगा, मग अंडी उबवा.

ईशान्य इंग्लंडची गोष्ट निराळी. डरॅमच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात अलॉटमेंटवर कबुतरांच्या ढाबळी पिढ्यानपिढ्या आहेत. संडरलंडजवळच्या रायहोप गावची अशी एक लाकडी ढाबळ तर सरकारने संरक्षित वास्तूंच्या यादीत घातली. तिथल्या रिवाजात दक्षिणेकडच्या कुणी नाक खुपसू नये. बदकं, हंस, बकऱ्या, डुकरं आणि मधमाश्या यांना कलमाचं संरक्षण नाही. तिथे काउन्सिल जे ठरवेल ते.

किती कोंबड्या, हा आकडाही कलमात नाही. म्हणून काही जण सगळा तुकडा जाळीखाली घालतात आणि कायद्याकडे बोट दाखवतात. त्यांनी १९२२ चा कायदाही वाचावा. अलॉटमेंट गार्डन म्हणजे मुख्यतः स्वतःच्या कुटुंबापुरती भाजी आणि फळं पिकवायची जमीन, अशी व्याख्या तिथे आहे. कोंबड्या कडेला, भाजी मधोमध.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रोगाच्या नियमांत, कारण ते कमिटीलाही धड माहीत नसतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद लागते. बर्ड फ्लूमुळे इंग्लंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२२ ते १८ एप्रिल २०२३ पर्यंत सगळ्या पाळीव पक्ष्यांना बंदिस्त ठेवायचा हुकूम होता. जंगली पक्ष्यांची विष्ठा आत पडू नये म्हणून वर पक्कं छप्पर, बाजूंना बारीक जाळी. अशा वेळी ‘अमुक फुटांपेक्षा मोठी शेड नाही’ हा कमिटीचा नियम धरून बसणारा सचिव कोंबडीवाल्याला दोन्हीकडून कात्रीत पकडतो. छप्पर घातलं तर कमिटीची नोटीस, नाही घातलं तर सरकारची. वाजवी खुराडं म्हणजे किती, याचं उत्तर बदललंय. कमिट्यांनी आपल्या नियमावल्या उघडून फुटांचे आकडे दुरुस्त करावेत.

रोगाच्या नियमांतलंच आणखी एक म्हणजे कोबीचं पान. वाफ्यातून तोडलं आणि तिथल्या तिथे कोंबडीपुढे टाकलं तर कायदेशीर. तोच कोबी घरी नेला, ओट्यावर चिरला आणि बाहेरची पानं दुसऱ्या दिवशी पिशवीतून आणली तर बेकायदा, कारण ती मांस-दूध शिरणाऱ्या स्वयंपाकघरातून आली. २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीने त्या देशात लाखो जनावरं मारावी लागली, त्यानंतर हे नियम कडक झाले. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा अतिरेक वाटतो. मला वाटत नाही. शिळा भात, पावाच्या कडा, भाजीची देठं आणून टाकणारे भले लोक प्रत्येक अलॉटमेंटवर असतात. त्यांना हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. फाटकावर पाटीच लावायची हौस असेल तर ही लावा.

सशांबद्दल मात्र माझं मत आहे की त्यांना त्या कलमातून काढावं. १९५० मध्ये ससा म्हणजे मांस होतं. आज तिथे बहुतेकांसाठी तो मुलांचा लाडका प्राणी, आणि मुलांचा उत्साह ओसरला की तोच अलॉटमेंटच्या कोपऱ्यात पिंजऱ्यात बसतो. ससा कळपातला जीव, एकटा ठेवला की खंगतो. २००६ च्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टने प्राण्याला संगत हवी की एकांत, याचाही विचार पाळणाऱ्याच्या जबाबदारीत घातला. घरापासून मैलभरावर, कुलूपबंद फाटकाआड एकट्या सशाचा पिंजरा ठेवणं त्यात कसं बसतं? बसत नाही.

कोंबड्यांनाही तोच कायदा लागू आहे, आणि माझ्या मते भांडायचं असेल तर कमिटीने इथे भांडावं. डिसेंबरात लंडनला आठला उजाडतं आणि चारच्या आत मावळतं. सकाळी दार उघडायला, गोठलेलं पाणी बदलायला कुणीतरी हवं. संध्याकाळी दार लावायचं राहिलं तर कोल्हा तुमची सुट्टी संपायची वाट बघत नाही. एका रात्रीत सगळं खुराडं रिकामं करतो. जाळी वर आहे पण पायाशी पसरून पुरलेली नाही, तर खालून उकरून येतो. म्हणून परवानगीच्या अर्जात पिसांचा रंग नि जात विचारण्यापेक्षा एवढं विचारा: तुम्ही आजारी पडलात तर दार कोण उघडणार, त्याला फाटकाची किल्ली दिलीय का, आणि अंडी थांबल्यावर कोंबडी कुठे जाणार. ज्याच्याकडे या तिन्हींची उत्तरं आहेत त्याला अडवू नका. ज्याच्याकडे नाहीत, त्याला सांगा की यंदा घेवडा लाव.