सहावा येतोय, तोवर पाचवाच घ्या

जून २०१८. लॉस एंजेलिसमधल्या व्हिडिओ गेमच्या जत्रेत बेथेस्डा कंपनीने ‘द एल्डर स्क्रोल्स ६’ची घोषणा केली. पुरावा म्हणून ३६ सेकंदांची चित्रफीत. धुकं, उघडेबोडके डोंगर, पलीकडे पाणी, चढत जाणारं संगीत, मग अक्षरं, खेळ खलास. माणूस नाही, तलवार नाही, ड्रॅगनच्या शेपटीचं टोकसुद्धा नाही. त्या साली दहावीला बसलेली पोरं एव्हाना पदवी घेऊन नोकरी शोधताहेत. डोंगर जागचे हललेले नाहीत.

ज्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या मालिकेतला पाचवा खेळ ‘स्कायरिम’, ११-११-११ असा मुहूर्त साधून आलेला. जगावर ड्रॅगनांचं संकट आलेलं असतं आणि ते निवारणारा अवतारी पुरुष म्हणजे तुम्ही. पण सक्ती कसलीच नाही. संकट बाजूला ठेवून तुम्ही परसातले कोबी तोडू शकता, फुलपाखरं पकडू शकता, लग्न करू शकता, दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालून त्याचं दुकान साफ करू शकता. त्याला दिसत नाही, म्हणजे चोरी झालीच नाही! राक्षसाने सोट्याचा तडाखा दिला की माणूस थेट ढगांत जातो. ही मुळात चूक होती, पण लोकांना इतकी आवडली की कंपनीने ती तशीच राहू दिली. असा खेळ ज्याने शोधून काढला त्याला माझा दंडवतच आहे. तक्रार त्यानंतरच्या हिशेबाबद्दल आहे.

कारण सहाव्याची वाट पाहणाऱ्यांना कंपनीने इतकी वर्षं पाचवाच वाढला. २०१६मध्ये विशेष आवृत्ती. २०१७मध्ये निन्टेन्डो स्विचवर, आणि डोळ्यांना डबा बांधून खेळायची वेगळी. २०२१मध्ये दहाव्या वाढदिवसाची. ज्या संध्याकाळी ते डोंगर दाखवले, त्याच संध्याकाळी कंपनीने स्वतःचीच टिंगल करणारी एक जाहिरातही दाखवली: स्कायरिम आता अलेक्सावर, म्हणजे नुसतं बोलून खेळायचं. सभागृह पोट धरून हसलं. मागाहून कळलं, अलेक्साचं स्कायरिम खरोखरच आलंय. त्याच महिन्यात या खेळांचा कर्ताधर्ता टॉड हॉवर्ड याला विचारलं गेलं, तेच तेच किती वेळा काढणार? त्याचा जबाब असा, की आम्ही थांबावं असं वाटत असेल तर तुम्ही विकत घेणं थांबवा. गेमच्या धंद्यात इतकं सरळ उत्तर क्वचित मिळतं. लोकांनी त्याच्यावर विनोद केले आणि पुन्हा विकत घेतलं. २०२३पर्यंत स्कायरिमचा खप ६ कोटींच्या वर गेला होता.

ही सवय काही काल-परवाची नाही. २००६मध्ये मालिकेतल्या चौथ्या खेळात, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये, या कंपनीने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकलं. घोडा खोटा, चिलखत खोटं, डॉलर मात्र खरे. जगभर हसू झालं. २०२५च्या एप्रिलमध्ये तोच खेळ नवा मुलामा देऊन बाजारात आला, आणि त्याच्या महागड्या आवृत्तीत काय होतं? घोड्याचं चिलखत. दोन प्रकारचं.

मध्ये एक प्रयोग फसलाही. स्कायरिम इतकी वर्षं जिवंत राहिला तो हौशी मंडळींच्या जोरावर. रात्र-रात्र जागून ही पोरं मॉड बनवतात, नवी गावं, नवी शस्त्रं, नवी झाडं, आणि फुकट वाटतात. २०१५मध्ये हेच मॉड स्टीम या ऑनलाइन दुकानात विकायचं ठरलं. बनवणाऱ्याला २५ टक्के, उरलेले दुकानदार आणि कंपनी यांच्यात. असा गहजब झाला की चार-पाच दिवसांत सगळं गुंडाळून पैसे परत करावे लागले. चाहते मनावर घेतात तेव्हा कंपनी हलते, याचा हा एक दाखला.

एरवी चाहते दुसऱ्याच कामात. डोंगरांचा रंग पाहून हा प्रदेश मालिकेच्या जगातला हॅमरफेल की हाय रॉक, यावर वर्षानुवर्षं वाद. २०२०च्या शेवटच्या दिवशी कंपनीने नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून एका जुन्या नकाशाचा फोटो टाकला, त्यावर दोन-चार मेणबत्त्या. मेणबत्ती कुठे ठेवलीय, त्यावरून पुढचा खेळ कुठे घडणार याचं गणित मांडलं गेलं. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. इथे तर तुरी पेरल्याचीही खात्री नव्हती.

आणि खरोखरच नव्हती. २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर मोजून अख्खं बिऱ्हाड विकत घेतलं. जून २०२३मध्ये दुसऱ्याच एका खरेदीवरून अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचलं, तेव्हा एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी शपथेवर सांगितलं, की या खेळाला अजून पाच वर्षं तरी लागतील. पाच वर्षं जिवाचे कान करून बसलेल्यांना जे कळलं नाही, ते सरकारी वकिलाने एका सुनावणीत काढून घेतलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये कंपनीने कळवलं, की पूर्वतयारी संपली, खेळाचं काम आता सुरू झालंय. म्हणजे ते डोंगर दाखवले तेव्हा डोंगरांपलीकडे खरंच काही नव्हतं. त्या चित्रफितीवर फसवणुकीचा आळ घेणाऱ्यांनी शब्द मागे घ्यावेत. तिच्याइतकी प्रामाणिक जाहिरात दुसरी नसेल.

एवढ्यावरही या जगात राहायला लोक यायला लागलेत. शर्ली करी नावाच्या अमेरिकन आजी, जन्म १९३६चा, यूट्यूबवर स्कायरिम खेळून दाखवत. ‘स्कायरिम ग्रँडमा’ म्हणून त्यांचा मोठा गोतावळा. चाहत्यांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि २०१९मध्ये कंपनीने जाहीर केलं, की सहाव्या खेळात आजी एक पात्र असतील. २०२४मध्ये आजींनी स्कायरिमचे व्हिडिओ करणं थांबवलं. पात्र अजून यायचंय. २०२५मध्ये आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्थेसाठी लिलाव झाला आणि कुणीतरी ८५ हजार डॉलरहून जास्त मोजून या खेळात आपलं एक पात्र ठेवायचा मान मिळवला. काम पुण्याचं, त्यावर तिरकं बोलणं नाही.

एकूण हिशेब असा. खेळाला अजून पुरतं नाव नाही, तारीख नाही, प्रदेश कोणता हेही नक्की नाही. रहिवासी मात्र दोन झाले.