टर्मिनलवाले मामा

हल्ली प्रत्येक घराण्यात एक टर्मिनलवाला मामा असतो. आमचे मामा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि मुलांमुळे आम्हीही त्यांना मामाच म्हणतो. माणूस सालस. पंगतीत वाढायला पुढे, कुणाच्या आजारपणात दवाखान्यात रात्र काढायला पुढे. फक्त कुणी ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करताना दिसलं की त्यांचा चेहरा उतरतो. “माऊस सोड आधी,” असं ते इतक्या कळवळून म्हणतात की पोरगं चटका बसल्यासारखा हात मागे घेतं.

चिरंजीवांच्या डोक्यात गो नावाची भाषा शिकायचं आलं आणि त्याने मामाला फोन लावला. “दोन मिनिटांचं काम आहे,” मामा म्हणाले. हे ऐकताच बायकोने चार्जर आणून दिला. भावाला ती ओळखून आहे.

वास्तविक गोचा कंपायलर तयार मिळतो. एक फाइल उतरवायची, उलगडायची, झालं. मामांचाही आग्रह तयारच घ्यायचा. हॉस्टेलवर असताना त्यांनी जीसीसी नावाचा कंपायलर मुळापासून बांधला होता. तो पठ्ठ्या आधी स्वतःला जुन्या कंपायलरकडून बनवून घेतो, मग त्या नव्यातून पुन्हा, मग त्यातून पुन्हा, आणि शेवटच्या दोन खेपा तंतोतंत जुळल्या की समाधान पावतो. त्या रात्रीची हकीकत आम्हाला पाठ आहे, पंखा कधी घरघरला इथपासून. तेव्हापासून मामांचं एकच सांगणं: “घरी दळत बसू नका. तयार पीठ आणा, पण चाळून घ्या!”

चाळण्याआधीच गाडी अडली. यादीत एक फाइल एएमडी-६४ ची, दुसरी एआरएम-६४ ची. चिरंजीव म्हणाले, “मामा, लॅपटॉपवर तर इंटेलचा स्टिकर आहे.” हा प्रश्न यावा म्हणूनच मामा जगत असावेत. ही ६४ बिटांची पद्धत एएमडीने आधी काढली, २००३ साली बाजारात आणली, इंटेलने मागाहून तीच उचलली, म्हणून इंटेलवाल्यानेही एएमडीच घ्यायचं, हे सगळं सांगून होईस्तोवर पोराने एआरएमवाली उतरवून ठेवली होती.

योग्य फाइल आल्यावर चाळणी. प्रत्येक फाइलीची एक खूण असते, ६४ अक्षरांची. आपल्याकडे आलेल्या फाइलीची खूण काढायची आणि मूळ खुणेशी ताडून पाहायची. आपण पहिली चार आणि शेवटची चार पाहून मान डोलावू. मामा चौसष्टच्या चौसष्ट वाचायला लावतात. तिकडून ते “सेव्हन, ए, एफ, टू” म्हणणार, इकडून भाच्याने “हां” म्हणायचं. हेच काम एका आज्ञेत कॉम्प्युटर करून देतो, आणि मामांना ते आमच्याहून चांगलं ठाऊक आहे. पण मग “हां” कोण म्हणणार?

पुढचा टप्पा ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरवणारा. गोची जुनी प्रत असेल तर ती आधी काढायची, नव्याने जुन्यावर पसरायचं नाही. काढण्याची आज्ञा आरएम डॅश आरएफ.

“लिही. स्लॅश यूएसआर, स्लॅश लोकल, स्लॅश गो. यूएसआरनंतर स्पेस दिलीस का?”

“नाही.”

“एंटर दाबू नकोस. वाचून दाखव.”

तिथे चुकून स्पेस पडली, तर गो नव्हे, अख्खं यूएसआर, म्हणजे जवळजवळ सगळी सिस्टीमच धुतली जाते. मामा तीनदा वाचून घेतात. मग पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, म्हणून बायको आतून म्हणाली, “दादा, कीबोर्ड बिघडला वाटतं.” “उमटत नाही तेच बरं,” दादा म्हणाले.

मग फाइल उलगडायला टार. “टार, स्पेस, डॅश, कॅपिटल सी. कॅपिटल!” पोराने लहान सी दिला. मोठा सी म्हणजे ‘या फोल्डरमध्ये जाऊन कर’, लहान सी म्हणजे ‘नवीन गाठोडं बांध’, आणि त्याच ओळीत पुढे ‘गाठोडं सोड’ असंही सांगितलेलं. टारने साफ नकार दिला. मामा हसले, “बरोबर आहे त्याचं. बांधू की सोडू, एक काय ते सांग की!”

मामांचा खरा जीव मात्र पाथमध्ये. कंपायलर जागेवर असतो, पण कॉम्प्युटरला शोधायचं कुठे ते माहीत नसतं. म्हणून जुन्या पत्त्यांच्या यादीला नवा पत्ता जोडायचा. चिरंजीवांनी जोडण्याऐवजी यादीच बदलली. त्या खिडकीत गो सापडला, पण साधी एलएस आज्ञाही सापडेना. कुणी घाबरलं असतं. मामांचा आवाज मात्र खुलला. “वा! आता तुला पाथ कळला. ही खिडकी बंद कर, नवी उघड.” पोराची चूक झाली की मामांना जेवढा आनंद होतो, तेवढा काम नीट झाल्यावर होत नाही.

शेवटी ‘गो व्हर्जन’ विचारलं आणि एक ओळ उमटली. “छापलं? वाच.” वाचली. मग मामांनी केन थॉम्प्सन काढले. गो करणाऱ्यांपैकी ते एक. १९८४ साली छापून आलेल्या त्यांच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यांनी दाखवलं होतं, की कंपायलरमध्ये चोरवाट अशी लपवता येते की त्याचा सोर्स कोड वाचूनही ती दिसणार नाही. आणि २०१५ पासून गोचा कंपायलर गोमध्येच लिहिलेला, म्हणजे तो बनवायला आधी तोच हवा. “मग चौसष्ट अक्षरं कशाला ताडली?” पोराने विचारलं. मामा म्हणाले, “चांगला प्रश्न आहे,” आणि बहिणीला फोन द्यायला सांगितलं.

गौरी-गणपतीला मामा आले, तेव्हा कळलं की कॉलेजात प्रॅक्टिकलला टर्बो सी प्लस प्लसच लागतं. बोर्लंडने १९९० मध्ये काढलेलं. त्या भाषेचं पहिलं प्रमाण ठरलं तेच १९९८ साली. मामांनी कपाळाला हात लावला, त्यातल्या कोनियो-डॉट-एचचं नाव तर ते ओठ मुडपून घेतात. पण ते चालवायला डॉसबॉक्स लागतो, आणि डॉसबॉक्स उघडला की समोर काय, तर काळी खिडकी आणि लुकलुकणारा कर्सर. मामांनी भाच्याला खुर्चीवरून उठवलं.

निळा पडदा आला. बोटं आपोआप कंट्रोल-एफ-नाईनवर गेली, तीस वर्षांत विसरली नव्हती. आता म्हणे वर्तुळ काढून दाखवतो. ग्राफिक्सच सुरू होईना. बाहेर आरती सुरू झाली. ‘घालीन लोटांगण’ला आतून ओरड ऐकू आली, “बीजीआयचा पाथ! स्लॅश एकच दिलाय, दोन पाहिजेत!” मंत्रपुष्पांजलीच्या सुमारास वर्तुळ उमटलं. बायको प्रसाद घेऊन आत गेली, तर मामांनी मोदकासाठी डावा हात पुढे केला. उजवा एफ-नाईनवर होता.