अटक करायची तर लेखी करा

तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर उभी हयात काढलेल्या माणसाच्या वाटेला जाऊ नये, एवढं तरी भामट्यांच्या शिकवणीत सांगायला हवं होतं. आमच्या सोसायटीतल्या अप्पांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी वर्दी, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. "आपके नाम के पार्सल में ड्रग्ज मिला है. आप डिजिटल अरेस्ट में हैं."

"बरं," अप्पा म्हणाले, "जावक क्रमांक सांगा."

"कौनसा क्रमांक?"

"अटकेच्या पत्राचा. तोंडी अटक आमच्याकडे चालत नाही. आणि प्रत कोणाकोणाला रवाना केलीत?"

बराच वेळ अप्पा त्याला टिपणी कशी लिहावी ते समजावत होते. शेवटी अटकेतला इसम जागेवरच राहिला आणि पोलीस फरार झाला.

सगळेच अप्पा नसतात. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याची उलटतपासणी घेणारी आपली माणसं फोनवर कोणी दरडावून हिंदी बोललं की उभी राहून 'हो साहेब' म्हणतात. लोक हावेपोटी फसतात म्हणे. मला वाटतं, निम्मे तरी साहेबाच्या धाकाने फसत असावेत. डिजिटल अरेस्ट कायद्यात नाहीच, हे ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं. पुढे फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सावध करू लागले, तर लोक भामट्यांवर सोडून बच्चनवरच वैतागले. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही आणि पैसे गेलेच तर तडक 1930 ला फोन करायचा, एवढं पाठ असलं तरी पुष्कळ.

पण भामट्याला पाणी पाजणाऱ्या याच अप्पांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स गावभर झालेल्या. लॉज, मंगल कार्यालय, गॅस एजन्सी, योगवर्ग. मागेल त्याला एक, न मागणाऱ्याला 'असू द्या' म्हणून एक. मे 2022 मध्ये आधारच्याच एका कार्यालयाने झेरॉक्स वाटत फिरू नका असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. मी अप्पांना मास्क्ड आधार काढून दिलं. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. लॉजवाला म्हणाला, "काका, शाई संपली होती का?"

मग मी त्यांना संचार साथी दाखवलं. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते तिथे कळतं. अप्पांच्या नावावर दोन निघाली. एक त्यांचं. दुसरा नंबर बघून अप्पांचा चेहरा तापला. "नाव माझं आणि फोन भलत्याच्या हातात!" मी पुढचं काही बोलायच्या आत त्यांनी 'हा माझा नंबर नाही' दाबलं.

तो नंबर सूनबाईंचा होता. लग्नानंतर अप्पांनीच हौसेने आपल्या आधारवर घेऊन दिलेला. कोणाचाच नंबर पाठ नसल्याने हे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. काही दिवसांनी सूनबाईंना मेसेज आला : फेरपडताळणी करा, अन्यथा सेवा बंद होईल. अप्पांच्याच तालमीत तयार झालेल्या त्या. धावत आल्या. "अप्पा, बघा, आला फसवा मेसेज!"

अप्पांनी त्यांना शाबासकी दिली आणि तो स्वतःच्या हाताने डिलीट केला.