नवशिक्यास योग्य कच्चा रस्ता: पारख व निवड (बीड जिल्ह्यापुरती)

सुट्टीत डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी चालवू इच्छिणाऱ्या नवशिक्याने आधी डोंगर ठरवावा आणि मग रस्ता. बीड जिल्ह्यात डोंगराचा प्रश्न बालाघाटाने परस्पर सोडवून ठेवला आहे. आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत ही रांग जिल्ह्याच्या मधून जाते. तिच्या उत्तरेला गोदावरीकाठची सखल गंगथडी आहे, तर दक्षिणेला मांजरा आणि सीनेकडे उतरणारे रान. रांग म्हटले म्हणून शिखरांची अपेक्षा ठेवू नये. घाट चढून वर गेले की समोर पुन्हा सपाटीच लागते आणि तिच्यावर ज्वारी, तूर व पवनचक्क्या दिसतात. मनालीचे फोटो पाहून निघालेल्या कुटुंबात नेमका याच ठिकाणी 'डोंगर कधी येणार?' हा प्रश्न उपस्थित होतो. तो येऊन गेला, आता आपण त्याच्या माथ्यावर आहोत, असे शांतपणे सांगावे.

कच्चा रस्ता मुद्दाम शोधावा लागतो, ही समजूत शहरातली आहे. येथील रस्त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात: डांबरी असलेले, डांबरी असून गेलेले आणि डांबरी होणार असलेले. पहिला वर्ग या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे. दुसऱ्यात डांबराची बेटे शिल्लक असतात; त्यांच्या कडा टायरला कापतात म्हणून चाक बेटावर चढवण्यापेक्षा सलग मातीतून नेणे बरे. तिसरा वर्ग भूमिपूजनाच्या फलकावरून ओळखू येतो आणि नवशिक्याने सर्वांत जास्त याच रस्त्याला भ्यावे. त्याच्यावर खडी पसरलेली असते पण दाबलेली नसते, कारण रोलर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. सुट्या खडीवर ब्रेक दाबला की चाक थांबते, गाडी थांबत नाही. फलक जुना असेल तर खडी गवताखाली जाते आणि धोका दिसतही नाही.

अधिकृत माहिती हवी असणाऱ्याने तलाठ्याकडचा गाव नकाशा पाहावा. त्यात तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला तो गाडीमार्ग, आणि तुटक एकेरी रेषेने दाखवलेला तो पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी कागदोपत्री साडेसोळा ते एकवीस फूट असते, म्हणजे एक जीप आणि एक बैलगाडी एकमेकींना नमस्कार करून जाऊ शकतील एवढी. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे शेजारी दरवर्षी नांगराचे एकेक तास आत घेत आलेले असतात, म्हणून एक जीपसुद्धा आरसे मिटून जाते. काही पांदणींवर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली किंवा मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांपुढे प्रकरण चालू असते. अशी वाट नवशिक्याने टाळावी. तेथे गाडी घातली की एका पक्षाला ती वहिवाटीचा पुरावा वाटते आणि दुसऱ्या पक्षाला अतिक्रमण. दोघेही नाव-गाव लिहून घेतात.

परदेशी मार्गदर्शिकांत वाटांना अवघडपणानुसार हिरवा, निळा, काळा असे रंग देतात. बीड जिल्ह्यात रंगांवाचून भागते; त्या वाटेने रोज कोण जाते एवढे पाहिले की श्रेणी कळते. एसटी जात असेल तर वाट पहिल्या श्रेणीची, अगदी नवशिक्याची. मुक्कामी गाडीचा चालक रात्री अंधारात तीच वाट काढत गावात येतो, झोपतो आणि पहाटे शाळेची पोरे व दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे घेऊन परत जातो. त्याच्या गाडीला फोर-व्हील ड्राइव्ह नसतो आणि त्याने त्याचा व्हिडिओही काढलेला नसतो. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल जात असेल तर ती दुसरी श्रेणी. हा निकष एसटीइतकाच विश्वासाचा आहे, कारण दूध हिंदकळेल अशी वाट दूधवाला धरत नाही. फक्त ट्रॅक्टर जात असेल तर ती तिसरी श्रेणी, आणि येथे नवशिक्याने माघारी फिरावे. ट्रॅक्टर गेला म्हणजे गाडी जाईल असे नसून, ट्रॅक्टर गेला म्हणूनच गाडी जाणार नाही, हे पुढे स्पष्ट केले आहे. फक्त शेळ्या जात असतील तर तिला वाट म्हणू नये. ते त्या शेळीचे वैयक्तिक मत असते.

श्रेणी ठरवताना स्थानिकांना विचारणे योग्यच, पण प्रश्न नीट विचारावा. 'गाडी जाईल का?' या प्रश्नाला पारावरून एकच उत्तर येते: "जाती की! न जायला काय झालं?" हे उत्तर रस्त्याविषयी नसून पाहुण्याचा उत्साह मोडू नये म्हणून दिलेले असते. त्याऐवजी 'शेवटची कुणाची गेली?' असे विचारावे आणि लगेच 'परत कशी आली?' हेही विचारून घ्यावे. दुसऱ्या प्रश्नानंतर पारावरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली, तर वाट तिसऱ्या श्रेणीची आहे असे समजावे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला आणि बीड शहराला प्रवासी रेल्वे 17 सप्टेंबर 2025 रोजी मिळाली. मधली तीस वर्षे आणि त्याआधीची सगळी, बीडकर रस्त्यानेच फिरले आहेत. त्यामुळे खड्ड्यांविषयी येथे कोणाचेही मत तज्ज्ञाचे धरण्यास हरकत नाही.

आता ट्रॅक्टरचा मुद्दा. ओल्या पांदणीतून ट्रॅक्टर-ट्रॉली गेली की दोन खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये मातीचा वरंबा उभा राहतो आणि तो वाळला की दगडासारखा होतो. ट्रॅक्टरच्या पोटाखालून हा वरंबा सहज निघून जातो. गाडी मात्र चाकोरीत उतरली की पोटावर टेकते आणि चारही चाके मोकळी फिरू लागतात. थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर व जिम्नीचा 210 मिलिमीटर सांगितला जातो. शेतातल्या मापात हे सारे एका वितीच्या आसपास येते. म्हणून गाडीतून उतरावे, वरंब्याच्या कडेला वीत उभी धरावी आणि वरंबा अंगठ्याच्या टोकावर गेला तर पुढे जाऊ नये. हे मोजमाप चालू असताना बांधावर दोन-चार माणसे जमा होतात. त्यांची लाज बाळगू नये. थोडक्यात चुकत असेल तर एक चाक वरंब्यावर आणि दुसरे चाकोरीबाहेरच्या कडेवर ठेवून, चाकोरीला पोटाखाली घेऊन हळूहळू जाता येते. कड बांधाची असेल तर मात्र नाही. बांधाला चाक लावण्याने जे होते ते दुरुस्त करणारे गॅरेज जिल्ह्यात नाही.

हंगामाची निवड मातीवर अवलंबून असते. माथ्यावर बहुतेक ठिकाणी मुरूम आहे. हा झिजलेला काळा पाषाणच असल्याने पाणी खाली सोडतो आणि एक-दोन उन्हे पडली की चालण्याजोगा होतो. उताराला आणि खोऱ्यांत काळी माती आहे. ती भिजली की टायरची नक्षी भरून टाकते, चाकाचा गुळगुळीत गोळा करते आणि मग कितीही महागडा टायर असो, तो घसरतोच. ही माती चालण्याजोगी झाली की नाही हे हवामानाच्या ॲपवर कळत नाही. शेजारच्या शेतात पाळी घालायला औत उतरले असेल तर वाफसा आला आहे. तरीही नवशिक्याने आणखी एक दिवस कळ काढावी. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस फसवा असतो; 2025 च्या सप्टेंबरात त्याने जिल्ह्यातल्या नद्यांना जे पूर आणले ते पाहता, गणपतीच्या सुट्टीत कच्च्या रस्त्याचा बेत करणे हे धाडस नसून बेफिकिरी आहे.

राहता राहिला दसरा-दिवाळीनंतरचा काळ. रान वाळलेले, हवा कोरडी, घाटाच्या वळणांवर सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी ते घ्यायला वळणावर गाडी उभी करू नये, पुढे सरळ रस्ता पाहून थांबावे. याच दिवसांत जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीच्या चटया, पत्र्याची पेटी, एखादी शेळी आणि वर बसलेली लेकरे. हा ताफा त्याच फुटलेल्या रस्त्यांनी, त्याच घाटांतून, बहुधा रात्री उतरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तसाच परत चढतो. नवशिक्याची सहल त्याच्या मार्गात येत असेल तर सहलीने कडेला थांबावे. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम मोटार वाहन चालन विनियम, 2017 मध्येही आहे. उतरणाऱ्या ट्रॅक्टरला ती का द्यावी, हे दोन ट्रॉल्यांमागून घाटात एकदा चालले की विनियमाविना कळते.

प्रत्यक्ष ठिकाणांपैकी मांजरसुंब्याजवळचे कपिलधार हे सर्वांत सौम्य. मन्मथस्वामींच्या समाधीपर्यंत चांगला रस्ता आहे, पावसाळ्यात धबधबा आहे आणि कार्तिकी पौर्णिमेची यात्रा सोडली तर गर्दीही बेताची. कच्चेपणा हवाच असेल तर तो वाहनतळावर मिळतो. सौताड्याला विंचरणा नदी दरीत कोसळते आणि खाली रामेश्वराचे देऊळ आहे. तेथे गाडी वरच ठेवून पायऱ्यांनी उतरायचे असते. फोर-बाय-फोर आहे म्हणून पायऱ्यांकडे आशेने पाहू नये. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने 1567 मध्ये बांधला. किल्ला सोपा आहे, अवघड आहे तो तेलगावकडून धारूरला चढणारा अरुंद घाट. तो डांबरी असल्यामुळे नवशिके त्याला गांभीर्याने घेत नाहीत आणि तिथेच चुकतात. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणारी वाट दरीच्या कडेने जाते. दृश्य सुंदर आहे, म्हणून ते चालकाने पाहू नये. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य 1994 पासूनचे आहे. ते मोरांसाठी राखले असून त्यात वाट सोडून गाडी घालणे हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे.

खऱ्या अर्थाने नवशिक्याचे रस्ते माथ्यावर पवनचक्क्यांनी करून ठेवले आहेत. पवनचक्कीचे लांबलचक पाते वाहून नेणाऱ्या ट्रेलरला अरुंद वळण चालत नाही आणि तीव्र चढही चालत नाही. म्हणून हे मुरमाचे रस्ते रुंद, दाबलेले आणि सावकाश चढणारे असतात. बऱ्याच ठिकाणी गावाला जाणाऱ्या रस्त्यापेक्षा पात्याला जाणारा रस्ता चांगला आहे, ही तुलना गावकरी न विचारता करून दाखवतात. मात्र यांतले पुष्कळ रस्ते खासगी असतात. साखळी लावलेली असेल तर राखणदाराला विचारूनच जावे, आणि तो नाही म्हणाला तर वाद घालू नये.

उतरण्याचे तंत्र एका वाक्यात सांगता येते: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडण्याची विद्या येथे वडिलांकडून मुलाकडे येते. ती पाहुण्याने शिकू नये. सगळा भार ब्रेकवर आला की ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणावर सोडून देतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर त्याची खोली, वेग आणि पलीकडच्या माणसाचा इशारा यांपैकी काहीही अजमावू नये. गाडी बंद करावी आणि पाणी उतरेपर्यंत बसावे.

इतके पाळूनही गाडी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नये. चाक तेवढेच खाली जाते. जवळच्या वस्तीवर जाऊन ट्रॅक्टर विचारावा. गाडीला पुढे-मागे दोर बांधण्याचा हूक कुठे आहे हे घरून निघतानाच पाहून ठेवावे, कारण दोर भलत्याच ठिकाणी बांधला की नुसता बंपर बाहेर येतो. ट्रॅक्टरवाला पैसे घेण्यास सहसा नकार देतो. त्याऐवजी "पाव्हणं कुण्या गावचं?" येथपासून सुरू होणारी चौकशी चहा होईपर्यंत चालते आणि तिला खरी उत्तरे द्यावी लागतात, कारण दूरचे का होईना, नाते निघतेच. एमएच-12 ची पाटी असलेल्यांना ही चौकशी लांब पडते. एमएच-14 वाल्यांना मात्र बहुधा आधीच ओळखलेले असते, कारण गावातली अर्धी तरुण पोरे पिंपरी-चिंचवडलाच कामाला असतात. पैसे घेतले नाहीत तरी डिझेलचा खर्च हातात ठेवूनच निघावे, आणि पांदण ओली असेल तर त्याच वाटेने परत येऊ नये.