नव्या चारचाकीसोबत घ्यावयाची मतं

शोरूमवाले गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तिका देतात. इंजिन ऑइल कधी बदलायचं, टायरमध्ये हवा किती भरायची, पहिली सर्व्हिसिंग कधी, सगळं तीत असतं. मतं कधी बदलायची, हे मात्र कुठंच छापलेलं नसतं. त्यामुळे भुसावळजवळच्या आपल्या वरणगावात आजही काही सज्जन कोरी करकरीत चारचाकी आणि जुनीपुराणी मतं घेऊन हिंडताना दिसतात. बोनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नंबरप्लेटवर कुंकू आणि तोंडात काय, तर "एसटी वेळेवर आली पाहिजे!" हे शोभत नाही. सदर मार्गदर्शन अशा गरजूंसाठी आहे. पहिला हप्ता कटण्याआधी वाचून घ्यावं.

सुरुवात हायवेपासून करावी. आजवर हायवे तुमच्यासाठी ओलांडायची वस्तू होता, आता तो पळायची वस्तू झाला. राष्ट्रीय महामार्ग 53, जुन्या माणसांच्या तोंडी अजून सहा नंबरच, सुरतेकडून धुळे, जळगाव, भुसावळ करत आपल्याकडे येतो आणि मुक्ताईनगर, मलकापूर, अकोला करत नागपूरकडे निघून जातो. याच महामार्गावर जून 2022 मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकून गिनीज बुकात नाव लावलं गेलं. हा आकडा पाठ करावा, मिनिटांसकट. रस्त्यापलीकडच्या शेतात जाणाऱ्या म्हातारीनं तो नेमका कुठून ओलांडावा, असं कुणी विचारलं तर उत्तर न देता वरची 33 मिनिटं पुन्हा सांगावीत. दुभाजकात लोकांनी केलेल्या फटीला गाडी घेण्याआधी तुम्ही 'सोय' म्हणत होता. आजपासून 'लोकांना अक्कलच नाही' असं म्हणावं. फट तीच आहे, त्याची काळजी करू नये.

पण एक अडचण येते. बहुतेकांच्या घरी चारचाकी आली म्हणून मोटरसायकल काही विकली जात नाही. सकाळी तुम्ही दूध आणायला मोटरसायकलवर जाता, हेल्मेट घरी खिळ्याला, आणि संध्याकाळी चारचाकीत बसता. तेव्हा मतं माणसागणिक न ठेवता वाहनागणिक ठेवावीत. मोबाइलवर ई-चलन आलं, फोटोत तुमचंच उघडं डोकं स्वच्छ दिसतंय, तर म्हणावं, "सरकारनं कॅमेरे लावून लुटायचा धंदा मांडलाय. लोकअदालत लागू दे, बघू." संध्याकाळी स्टेअरिंगमागून तेच दृश्य दिसलं तर म्हणावं, "या लोकांना कॅमेऱ्याशिवाय अक्कल यायची नाही." तंत्रज्ञानाविषयी ही दोन्ही मतं एकाच दिवशी बाळगता येतात. त्यासाठी वेगळं लायसन लागत नाही.

टोलचंही तसंच. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅगची सक्ती झाली तेव्हा तुम्ही मोटरसायकलवर होता, तिला टोल नाही, म्हणून तुम्हाला ती सुधारणा वाटली. आता प्रत्येक वेळी मोबाइल टुंग करतो आणि पैसे कटल्याचा मेसेज येतो, तेव्हा ती लूट वाटायला लागेल. घाबरू नये. 15 ऑगस्ट 2025 ला खासगी मोटारींसाठी 3000 रुपयांत वर्षाचा पास निघाला, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे फेरीला 15 रुपये. दिवसभर माणसं कोंबून पोट भरणाऱ्या काळीपिवळीला हा पास नाही, ती धंद्याची गाडी. याला सवलत म्हणू नये, धोरण म्हणावं. सवलत हा शब्द एसटीसाठी राखून ठेवायचा आहे.

कारण एसटीत 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 पासून सगळंच माफ. यावर चारचाकीवाल्याचं मत ठरलेलं: "लोकांना फुकटाची सवय लावून ठेवलीय." हे वाक्य बोलताना एक हात खिडकीबाहेर असावा. रेल्वेच्या पॅसेंजरचा विषय निघालाच तर गोंधळून जाऊ नये. कोरोनानंतर पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लावलं, कमीत कमी 10 रुपयांचं तिकीट 30 वर गेलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा 10 वर आलं. भुसावळला शिकायला जाणारी पोरं आणि पाट्या घेऊन चढणाऱ्या भाजीवाल्या यांना हे तोंडपाठ आहे. तुम्हालाही आठवत असेल, तर गाडी अजून अंगवळणी पडलेली नाही असं समजावं.

जाता जाता फॅक्टरीवाल्यांसाठी एक पोटनियम. पगार सरकारी असेल तर बाकी सगळ्यांच्या खासगीकरणाच्या बाजूनं बोलावं, ही आपल्याकडची जुनी रीत. 1 ऑक्टोबर 2021 ला देशातल्या 41 ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि 1964 पासूनची आपली वरणगावची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियात गेली. त्या दिवसापासून या पोटनियमाला स्थगिती आहे. पुढील आदेश येईपर्यंत एसटीचं, रेल्वेचं आणि बँकांचं खासगीकरण करावं, एवढंच बोलावं.

न्यायाबद्दल जपून बोलावं लागतं. पुण्यात 19 मे 2024 च्या पहाटे एका अल्पवयीन पोराच्या पोर्शेनं दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला आणि त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. यावर मनसोक्त संतापावं. पुणं लांब आहे, पोर्शे कुणाच्या पाहुण्यारावळ्यांत नाही, त्यामुळे संतापाला जोखीम शून्य. त्याच महिन्याच्या 7 तारखेला जळगावजवळ रामदेववाडीला भरधाव कारनं दुचाकीला धडक दिली होती. एक आशा सेविका, तिची दोन लेकरं आणि भाचा, चौघं गेले. अटक व्हायला दोन आठवडे उलटले आणि ती झाली तेव्हा पुण्याच्या प्रकरणाचा देशभर गदारोळ चालू होता. हा विषय निघाला की आवाज खाली आणायचा असतो. "तपास चालू आहे ना." "कोर्टात ठरेल ते खरं." आपल्या जिल्ह्यात कोण कुणाचा कोण निघेल, सांगता येत नाही.

आणि धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृताच्या वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार मिळतात. हे आकडे वाचताना आपल्या गाडीचं बिल शेजारी ठेवू नये. सनरूफसाठी वरचं मॉडेल घेतलं असेल, तर मुळीच ठेवू नये.

आता सगळ्यात अवघड प्रयोग: थांब्यावरचा ओळखीचा माणूस. मे महिना, दुपारचा एक, पारा 45 च्या पुढं. तुम्ही एसीत, काचा वर, भुसावळला निघालेले. थांब्यावर गल्लीतले नाना उभे, डोक्याला ओला रुमाल, पायाशी पिशवी, तिच्यातून वांग्यांचे देठ बाहेर आलेले. भुसावळला लेकीकडं चाललेत, हे तुम्हाला कालच कळलंय. मागची सीट रिकामी आहे, तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. नवशिके इथं ब्रेक मारतात. तसं करू नये. उजवीकडचा आरसा नीट करायला घ्यावा, कारण नाना डावीकडं आहेत. गाडी गतिरोधकावर मंदावलीच आणि नानांनी काचेवर टकटक केलं, तर काच चार बोटं खाली घ्यावी, जास्त नाही, गार हवा जाते.

"कुठी निघाला भाऊ?"

"इथंच नाना, पेट्रोल टाकून येतो."

"बरं बरं. सावकाश जाय."

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागं पडेपर्यंत अपराधी वाटेल, मग वाटत नाही. तासाभरानं भुसावळात रसवंतीवर नाना भेटले, तर ते काही रागावत नाहीत. ग्लासातला बर्फ हलवत एवढंच विचारतात, "पेट्रोल इथंच टाकलं का रे मंग?" यावर गावात अजून कुणालाही उत्तर सुचलेलं नाही. संशोधन चालू आहे.

शेवटी सर्व्हिसिंगचा दिवस. गाडी भुसावळला वर्कशॉपमध्ये टाकावी लागते आणि "उद्या या" म्हणतात. वरणगावला परतायला एसटी किंवा काळीपिवळी. त्या एका दिवसापुरती मतं पूर्ववत करण्याची मुभा आहे: गाड्या वाढवल्या पाहिजेत, थांब्याला सावली पाहिजे, सरकार झोपलंय का. काळीपिवळीत ड्रायव्हरच्या शेजारी चौथा म्हणून बसावं लागलं आणि गिअर दर वेळी तुमच्या गुडघ्यात पडला, तर आवाज करू नये. एसटी मिळाली तर उभं राहायची तयारी ठेवावी. पंचाहत्तरी ओलांडलेलं एखादं ओळखीचं माणूस खिडकीजवळ मोफत बसलेलं असतं, ते सरकून अर्धी सीट देतं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतं, "काय रे, गाडी विकली का?" त्याहून मोठ्या आवाजात सांगावं, "नाही आबा, सर्व्हिसिंगला टाकलीय!" मागच्या दरवाजापर्यंत ऐकू गेलं नसेल असं वाटलं, तर कंडक्टरला तिकिटाचे पैसे देताना पुन्हा एकदा सांगावं.